तिसरा आकडा
(प्रकाशा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह असायचा असं मला कार्यकर्त्यांनी सांगितलं. वक्त्यानं जाताना गावाच्या हाती उपयोगाचं काहीतरी ठेवून जावं. तो आग्रह मनात ठेवूनच मी आजचा विषय निवडला. विषय आहे बीपी मोजायच्या यंत्रावरचा तिसरा आकडा.

यंत्राचं बटण दाबलं की पट्टा दंडाला आवळतो, हळूहळू सैल होतो आणि पडद्यावर तीन आकडे येतात. वरचा दाब, खालचा दाब आणि त्यांच्याखाली नाडी. पहिले दोन सगळे विचारतात. "डॉक्टरसाहेब, वरलं कितलं नि खाललं कितलं?" हा प्रश्न ओपीडीत रोज कानावर येतो. नाडी मात्र कुणी विचारत नाही. माझ्यापुढे येणाऱ्या रुग्णांच्या वह्यांमध्ये तारखेपुढे १५०/९०, १४६/८८ असे आकडे ओळीनं मांडलेले असतात, नाडीचा रकाना कोरा असतो, नाहीतर तो रकानाच नसतो. ज्याला उच्च रक्तदाब आहे त्याच्यासाठी हा कोरा रकाना धोक्याचा आहे. नाडी आणि दाब हे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून, आणि त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडून वाचायला हवेत, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण त्यामागचं कारण समजून घ्यायला थोडा वेळ लागेल.

आधी यंत्राबद्दल बोलू. १८९६ साली इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं साधन बनवलं. त्यात सायकलची रबरी ट्यूब होती आणि शाईची दौतही होती. पट्टा फुगवायचा, मनगटावर बोटं ठेवायची आणि नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. म्हणजे पट्ट्यानं दाब मोजण्याची सुरुवातच नाडीवर बोट ठेवून झाली. या पद्धतीनं फक्त वरचा दाब कळायचा. खालचा दाब मोजायची रीत १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव या लष्करी डॉक्टरनं सांगितली. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला, तर दाब उतरताना आधी टकटक ऐकू येते आणि मग ती थांबते. पुढे शंभर वर्षं जगभर हीच रीत चालली.

आता घरोघरी आलेली बॅटरीची यंत्रं कानानं काही ऐकत नाहीत. रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पट्ट्यातल्या हवेला जो हलका धक्का बसतो, तो ती टिपतात. धक्के सगळ्यात मोठे कुठे लागले यावरून सरासरी दाब कळतो आणि वरचा-खालचा आकडा यंत्र त्यावरून गणितानं काढतं. ठोके मात्र ते प्रत्यक्ष मोजतं. म्हणजे या यंत्रावरचा सगळ्यात थेट मोजलेला आकडा नाडीचा असतो, आणि आपण नेमका तोच लिहीत नाही.

आता दोन्हींचं नातं पाहू. इथे शेतकरी बसले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीतला दाब दोन गोष्टींवर ठरतो: मोटार किती पाणी ढकलते आणि पुढे नळ्या किती अरुंद आहेत. शरीरातही तसंच आहे. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत, यांतून दाब ठरतो. मिनिटाला ढकललेलं रक्त म्हणजे नाडीचे ठोके गुणिले एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. यामुळे दाबाचा एकच आकडा वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतो. नाडी पाहिल्याशिवाय त्या कारणाचा अंदाज लागत नाही.

समजा, दोन माणसं आहेत. दोघांचाही वरचा दाब १५२ आहे. एक तीस वर्षांचा तरुण आहे, नाडी ९४. दुसरे सत्तरीचे बाबा, नाडी ६०, आणि खालचा दाब अवघा ७०. वहीत दोघांपुढे सारखाच आकडा पडेल. पण तरुणाचं हृदय जोरात पळतं आहे. त्याला झोप पुरत नसेल, तो तंबाखू मळत असेल, त्याचं थायरॉइड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल किंवा मनावर ताण असेल. बाबांचं हृदय शांत आहे, पण त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या वयानं ताठ झाल्या आहेत, म्हणून वरच्या-खालच्या दाबात एवढं अंतर पडलं. दोघांची तपासणी वेगळी व्हायला हवी आणि औषधाचा विचारही वेगळा.

नाडी भरभर चालणं हे उच्च रक्तदाबाच्या रुग्णात नुसतं लक्षण म्हणून सोडून देण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांचा हृदयविकाराच्या दृष्टीनं अभ्यास चालू आहे. तिथल्या ४,५३० उच्च रक्तदाबाच्या, पण त्यावर उपचार न घेतलेल्या लोकांची ३६ वर्षांची नोंद १९९३ साली प्रसिद्ध झाली. नाडीत मिनिटाला ४० ठोक्यांचा फरक असेल, तर मृत्यूची शक्यता दुपटीच्या आसपास वाढलेली दिसली, पुरुषांत आणि स्त्रियांतही. अलीकडच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णात विश्रांतीच्या वेळी नाडी ८० च्या वर असणं हा जोखमीचा घटक म्हणून नोंदवला आहे. एरवी ६० ते १०० ही नाडी ठीक असं आपण शाळेपासून शिकतो. दाब वाढलेल्या माणसाला मात्र ९६ ची नाडी ठीक आहे, असं सांगून घरी पाठवता येत नाही.

हे दोन आकडे गुणूनही पाहतात. नाडी गुणिले वरचा दाब, यावरून हृदयाच्या स्नायूला किती प्राणवायू लागतो याचा अंदाज येतो. नाडी ७० आणि दाब १२० असेल तर गुणाकार ८,४००. नाडी ९० आणि दाब १७० असेल तर १५,३००. म्हणजे दुसऱ्या माणसाचं हृदय खाटेवर पडल्या पडल्या जवळजवळ दुप्पट राबतं. ट्रेडमिलवर हृदयाची तपासणी करताना डॉक्टर हाच गुणाकार बघतात.

यावर कुणी म्हणेल, मग नाडी कमी करायची गोळी देऊन टाका. इथे जपून बोलायला हवं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' नावाच्या मोठ्या चाचणीत ९,१९३ रुग्ण होते. निम्म्यांना अटेनोलॉल दिलं, ते नाडी मंद करतं. निम्म्यांना लोसार्टन दिलं, ते नाडीला फारसं हात लावत नाही. दोन्ही गटांत दाब जवळजवळ सारखाच उतरला. तरी पक्षाघाताचं प्रमाण लोसार्टनच्या गटात सुमारे २५ टक्क्यांनी कमी राहिलं. नाडी औषधानं ओढून खाली आणली, तर दंडावरचा दाब उतरलेला दिसतो, पण हृदयाजवळच्या महारोहिणीतला दाब तेवढा उतरत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून नाडी का वाढली याचं कारण शोधणं आधी. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा हृदय अशक्त आहे, त्यांच्यासाठी हीच नाडी मंदावणारी औषधं जीव वाचवणारी आहेत. ती कुणी माझं भाषण ऐकून बंद करू नयेत.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या मुंबईतल्या एका डॉक्टरची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० मोजला गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाच्या प्रमुखाला द्यायला डॉक्टरांकडे दाबावरचं धड औषध नव्हतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा आपला निबंध छापला. सर्पगंधा आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. झोपेसाठी वापरत, वेडावर वापरत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली ती दाबावरही चालते असं लिहिलं होतं. वकिलांनी ५० रुग्ण घेतले, मुळीच्या गोळ्या दिल्या, दाबाच्या नोंदी ठेवल्या आणि पाश्चात्त्य डॉक्टरांना समजेल अशा पद्धतीनं मांडल्या. त्या निबंधानं जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढण्यात आलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा की सर्पगंधा दाब आणि नाडी दोन्ही उतरवते. मज्जातंतूंच्या टोकांशी जो उत्तेजक द्रव्याचा साठा असतो तो ती रिता करते, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयही मंद चालतं. त्याच काळात हायड्रॅलझीन नावाचं दुसरं औषध आलं. ते दाब उतरवायचं, पण नाडी उसळायची. रक्तवाहिन्या एकदम सैलावल्या की दाब सावरायला शरीर हृदयाला पळवतं, म्हणून असं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकत्र दिली, म्हणजे एकानं उसळलेली नाडी दुसरं आवरेल. रेसरपीन, हायड्रॅलझीन आणि लघवी वाढवणारी एक गोळी, अशा तिघांच्या मिश्रणावर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी चाचणी केली. तिचा पहिला निकाल १९६७ साली आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तिच्यात होते. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला किंवा ते दगावले, औषध मिळालेल्यांपैकी फक्त दोघांना. दाबावर औषध दिलं तर माणूस वाचतो, हे अशा काटेकोर चाचणीनं पहिल्यांदा सिद्ध झालं आणि त्या औषधांत सर्पगंधेचा अर्क होता. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. आता रेसरपीन फारसं वापरत नाहीत. नाक चोंदतं, काहींचं मन फार खचतं. पण दाब उतरवताना नाडीकडे लक्ष ठेवायचं, हा त्या पिढीनं घालून दिलेला धडा आहे. आपण तो सोडायला नको होता.

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येतो. इथे बसलेल्या सिस्टर आणि आशाताईंनी विशेष लक्ष द्यावं.

१९६७ सालीच मार्टिन आल्गॉवर आणि बुर्री या दोघा शल्यचिकित्सकांनी एक सोपा भागाकार सुचवला. नाडीला वरच्या दाबानं भागायचं. याला शॉक इंडेक्स म्हणतात. निरोगी, स्वस्थ बसलेल्या माणसात तो साधारण ०.५ ते ०.७ येतो. नाडी ७२, दाब १२०, म्हणजे ०.६. अंगातून रक्त किंवा पाणी कमी होऊ लागलं की नाडी चढते आणि दाब उतरू लागतो, त्यामुळे भागाकार वाढतो. तो ०.९ च्या पुढे सरकला की सावध व्हायचं. १ झाला, म्हणजे नाडीचा आकडा दाबाच्या आकड्याला जाऊन भिडला, तर एक मिनिटही घालवायचं नाही. यातली खुबी अशी की दाब आणि नाडी वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ठीक वाटत असतात, तेव्हाच भागाकार बिघडायला लागलेला असतो.

पण उच्च रक्तदाबाच्या माणसात हाच भागाकार फसवतो, आणि तो का फसवतो हे कळलं पाहिजे. त्याचा नेहमीचा दाबच मोठा असतो. नाडी ७२ आणि दाब १५६ असेल तर भागाकार ०.४६. म्हणजे त्याची सुरुवातच खालून होते. त्याच्या अंगातलं बरंच पाणी गेलं तरी तो ०.८ पर्यंतच पोचलेला असू शकतो आणि आपण म्हणतो, अजून ठीक आहे.

अशा माणसात नुसता दाबाचा आकडाही कसा फसवतो ते सांगतो. मे महिन्यात एका आबांना मुलानं मोटरसायकलवर मागे धरून आणलं होतं. वय साठीच्या पुढे, केळीच्या बागेत कामाला. खानदेशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस जुलाब, वर दाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी चालूच. वाटेत एका ठिकाणी दाब मोजून घेतला होता, तो आला ११२/७०. मुलगा आनंदानं सांगत होता, "आबांचं बीपी आज पहिल्यांदा नॉर्मल आलंय." आबा बाकावर बसले होते, पण बोलताना मध्येच थांबत होते. जीभ कोरडी, हात गार, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. नाडीवर बोट ठेवलं तर १०४. १०४ भागिले ११२ म्हणजे ०.९३. त्यांची जुनी वही मुलाच्या खिशात होती, तिच्यात दाब कायम १५० च्या पुढे. एकाएकी गोळीनं एवढा दाब उतरत नसतो. तो नॉर्मल झालेला नव्हता, कोसळत होता. सलाइन चढवलं, गोळी थांबवली, लघवी सुरू झाली तेव्हा जीव भांड्यात पडला. आबा वाचले. पण ज्यानं दाब मोजला, त्यानं खालचा तिसरा आकडा वाचला असता, तर ते दोन तास आधी सलाइनवर असते.

ज्यांना नाडी मंदावणारी गोळी चालू आहे, मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल, त्यांच्यात आणखी एक अडचण असते. रक्त गेलं तरी त्यांची नाडी चढतच नाही, गोळीनं तिचा लगाम धरलेला असतो. दाब १०० आणि नाडी ६८ असली तर भागाकार ०.६८ येतो, पुस्तकाच्या मते उत्तम. माणूस मात्र पांढराफटक पडलेला असतो. अशा वेळी भागाकार बाजूला ठेवायचा आणि रुग्णाकडे बघायचं: घाम आहे का, लघवी किती झाली, शुद्ध कशी आहे. कुठली गोळी चालू आहे हे विचारल्याशिवाय नाडीचा अर्थ लावायचा नाही.

बाळंतपणात तर हे फारच जपावं लागतं. गरोदरपणात अंगातलं रक्ताचं पाणी वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतीण बराच रक्तस्राव सोसते आणि मग एकाएकी खचते. बाळंतपणानंतर भागाकार ०.९ किंवा जास्त आला की वरच्या दवाखान्यात हलवायची तयारी सुरू करायची, असा धोक्याचा टप्पा संशोधकांनी ठरवला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी याच भागाकाराचा वापर करणारं 'क्रेडल' नावाचं यंत्र तयार करवून घेतलं. दाब आणि नाडी मोजून ते हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावतं. आकडे न वाचता येणाऱ्या कार्यकर्तीलाही ते वापरता येतं. आफ्रिकेतले काही देश, हैती आणि भारत इथे त्याची मोठी चाचणी झाली. भारतातलं केंद्र होतं बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक. २०१९ साली निकाल आला. नुसतं यंत्र आणि प्रशिक्षण दिल्यानं मातांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती कमी होतात, असं ती चाचणी ठामपणे दाखवू शकली नाही. माझ्या मते याचं कारण समजण्यासारखं आहे. लाल दिवा लागल्यावर गाडी हवी, रस्ता हवा, रक्ताची पिशवी हवी, डॉक्टर हवा. धडगावकडून चांदसैली घाट उतरून येणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण म्हणूनच, आपल्याकडे अंतर लांब असल्यामुळे, इशारा लवकर मिळायला हवा. गरोदरपणात जिचा दाब वाढला होता, तिच्या बाबतीत ०.९ ची वाट पाहायची नाही. समजा बाळंतपणाआधी तिचा दाब १५० आणि नाडी ८४ होती, भागाकार ०.५६. बाळंतपणानंतर दाब ११८ आणि नाडी ९८ झाली, भागाकार ०.८३. कागदावर ती अजून धोक्याच्या रेषेच्या आत आहे. "चला, दाब उतरला," म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात तिचा भागाकार जवळजवळ दीडपट झालेला आहे. आधी खाटेवरची चादर बघा, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते बघा, आणि घाटात अडकायच्या आधी गाडीला फोन करा.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याची आणखी एक बाब शहरात लिहिलेल्या पुस्तकांत सहसा नसते. इथे सिकलसेल आहे आणि इथे अंगात रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. रक्त कमी असलं की प्राणवायू पुरवायला हृदय जास्त पळतं, म्हणून नाडी नेहमीच चढी असते. सिकलसेलचा आजार असलेल्या, नुसता वाहक नव्हे, रुग्णाचा दाब त्याच्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा कमी असतो. म्हणून त्याचा वरचा दाब १३० आला, तर इतरांना लावतो तो नियम लावून सोडून द्यायचं नाही. १२० ते १३९ हा दाब अशा रुग्णांत मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांना धोका सांगणारा ठरला आहे. सिकलसेलचं कार्ड आणि दाबाची वही या दोन गोष्टी एकाच पिशवीत राहायला हव्यात.

आणि हे सगळे आकडे विश्रांतीचे आहेत. काठी गावच्या होळीत रात्रभर ढोलावर नाचणाऱ्या तरुणाला मध्येच थांबवून मोजलं, तर नाडी १५० आणि दाब १७० येईल, भागाकार ०.८८. त्याला काहीही झालेलं नाही, त्याचं शरीर उत्तम काम करतं आहे. महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी इथल्या केदारेश्वराच्या दर्शनाला आलेला भाविक घाटाच्या पायऱ्या चढून आल्या आल्या शिबिराच्या टेबलाशी हात पुढे करतो, त्याचाही दाब आणि नाडी दोन्ही फुगलेले असतात. त्या एका मोजणीवर कुणाला गोळी सुरू करू नये आणि कुणाची बंदही करू नये.

मोजायची रीत सगळ्यांनी शिकून घ्या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. लुगड्याच्या पदरावरून किंवा सदऱ्याच्या बाहीवरून बांधायचा नाही. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी स्वतः लावून पाहायची, यंत्र असलं तरीही. कारण बोटांना आणखी एक गोष्ट कळते: ठोके सारख्या अंतरानं पडतात की वेडेवाकडे. साठी ओलांडलेल्या, दाब असलेल्या माणसाची नाडी अनियमित लागली तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असू शकते. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होतो. अशा नाडीत यंत्राच्या दाबावरही फार भरवसा ठेवता येत नाही. ईसीजी काढायला पाठवायचं, दुसरा उपाय नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पंधरा वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के स्त्रियांना आणि २४ टक्के पुरुषांना वाढलेला दाब आहे किंवा त्यावर गोळ्या चालू आहेत. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात. आपल्याकडे खंड पडतो तो दिवाळीनंतर, जेव्हा गावंच्या गावं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. गोळ्यांची पाकिटं संपतात आणि होळीला माणूस परत येतो तेव्हा दाब २०० वर असतो. नाडी मंदावणारी गोळी एकाएकी बंद पडली तर नाडी आणि दाब दोन्ही उसळी मारतात, छातीत दुखू लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे. गाडीत बसायच्या आधी उपकेंद्रात जाऊन जास्तीच्या गोळ्या मागून घ्या, आणि जिथे उतराल तिथल्या सरकारी दवाखान्यात तीच वही दाखवा.

माझी विनंती एवढीच आहे. ज्यांच्या घरी दाबाचा रुग्ण आहे त्यांनी आजच दहा रुपयांची वही घ्यावी. पानावर पाच रकाने आखा: तारीख, वरचा दाब, खालचा दाब, नाडी, चालू गोळ्या. बरं वाटत असताना, सकाळी, स्वस्थ बसून काही दिवस मोजा, म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा आकडा कोणता हे कळेल. आशाताईंनो, गृहभेटीत दाब लिहाल तेव्हा नाडी लिहिल्याशिवाय वही मिटू नका. आणि कुणाला शहाद्याला, नंदुरबारला किंवा धुळ्याला हलवायची वेळ आली, तर ती वही रुग्णाच्या हातात देऊन मगच गाडीचं दार लावा.